नारळाच्या गावी सफरचंद

हॅकिंटॉश म्हणजे बाजारातून जमवलेला मदरबोर्ड, बहुधा इंटेलचा प्रोसेसर आणि त्यावर बसवलेली अ‍ॅपलची मॅकओएस. हा प्रकार समजून घ्यायला कोकणातल्या भाट्ये गावच्या लोकांइतकी सोय दुसऱ्या कुणाची नाही. त्यांच्या गावात १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे. टी-डी (उंच-ठेंगू) नारळाचा संकर करताना उंच माडाच्या पोयीतली नरफुलं कापून टाकतात आणि ठेंगू जातीचा पराग मादीफुलांवर धरतात. या संकरातून आलेला माड लवकर धरतो, भरपूर धरतो. पण त्याचेच नारळ रुजत घालून पुन्हा तसाच माड मिळेल म्हणाल तर फसाल. संकर दर वेळी नव्याने करावा लागतो आणि त्यासाठी मूळचे आईबाप माड जपून ठेवावे लागतात. हॅकिंटॉशचं अपडेटही असंच आहे, एवढंच माझं म्हणणं. साध्या संगणकावर अपडेट होतं. हॅकिंटॉशवर ते जुळवावं लागतं.

पुरावा म्हणून बायोस घ्या. नवी आवृत्ती चढवली की बहुतेक वेळा आपण निगुतीने लावलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि सीएफजी लॉक पुन्हा चालू होतं. त्या लॉकमागच्या रजिस्टरमध्ये मॅकओएसला लिहायचं असतं. आपण आधी पर्यायी तजवीज केली नसेल, तर ती सुरू होण्याऐवजी कर्नल पॅनिक करून मोकळी होते. ओपनकोर या बूटलोडरची तऱ्हा वेगळी. तो नवा टाकला आणि कॉन्फिग डॉट पीलिस्ट ही त्याची सेटिंग्जची फाइल जुनीच ठेवली, तर काळ्या पडद्यावर ‘ओसीएस: नो स्कीमा फॉर’ अशा ओळी उमटतात, म्हणजे तुम्ही भरलेला रकाना या आवृत्तीत उरलेलाच नाही. अशा चुका दाखवणारा ओसीव्हॅलिडेट नावाचा तपासनीस ओपनकोरसोबतच फुकट मिळतो. त्याला रीबूटच्या आधी विचारायचं असतं, हे मात्र बहुतेकांना रीबूटनंतर सुचतं. म्हणून बायोस, बूटलोडर, केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हरसारखे विस्तार) आणि मॅकओएस या चौघांना एकाच बैठकीत हात लावू नये. घोडं कुणापाशी अडलं तेच कळत नाही. आधी नवा ओपनकोर आणि लिलू, व्हॉटएव्हरग्रीन वगैरे केक्स्ट पेनड्राइव्हवर घालावेत, त्यावरून संगणक चालू करून पाहावा, मगच ते आतल्या डिस्कवर न्यावेत. बूटलोडर आणि केक्स्ट ज्यात असतात ते जुनं ईएफआय फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर सांभाळावं. आपला आईमाड तोच.

‘चाललंय ना, मग कशाला खाजवून खरूज काढायची?’ हा पहिला आक्षेप. बायोसपुरता तो मला शंभर टक्के मान्य आहे. ठोस कारण नसेल तर तिकडे फिरकू नये आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बोर्डाची करवंटी होते. बूटलोडरला मात्र हा न्याय लागू नाही. मॅकओएसची नवी आवृत्ती आली की जुना लिलू अनेकदा हात वर करतो, आणि दोन वर्षांची थकबाकी एका रात्रीत फेडणं जड जातं. ‘मग सरळ मॅकच का घेत नाही?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो खोडायला माझ्याकडे काही नाही. मॅकओएसचा परवाना अ‍ॅपलच्याच यंत्रापुरता आहे; असे संगणक विकणाऱ्या सायस्टार कंपनीला अमेरिकेतल्या न्यायालयाने २००९ साली तसं ऐकवलंही आहे. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती ‘ताहो’, असं अ‍ॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. मग बुडत्या कारभारात एवढी शिस्त कशाला? उत्तर सोपं आहे. यापुढे नवा पराग मिळणार नाही, तेव्हा हा शेवटचा संकर बिघडवून चालणार नाही. तो नीट जमला आणि सुरक्षेची किरकोळ अपडेटंही संपली, की हॅकिंटॉशवाल्यांना त्या संगणकावर काहीतरी काम करायलाही वेळ मिळेल. फक्त कोणतं काम करण्यासाठी तो बांधला होता, हे तेवढं आठवावं लागेल.