जगबुडीनंतरचे पार्किंग

आमच्या सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक ७ असा होता : ‘जगाचे काही बरेवाईट झाल्यास सभासदांनी जाऊन राहण्याचे दूरचे ठिकाण निश्चित करणे.’ विषय क्रमांक ६ गच्चीच्या गळतीचा. तो चार वर्षे प्रलंबित आहे. सातवा मात्र दहा मिनिटांत मंजूर झाला. गच्चीला वर्गणी लागते, जगबुडीला नुसती समिती पुरते. समितीत सेक्रेटरी, शेअरबाजारवाले ए-७०२, निवृत्त इंजिनिअर बी-४०३ आणि ‘इतिवृत्त लिहायला कोणीतरी हवे’ म्हणून मी.

पहिल्याच बैठकीत ए-७०२ म्हणाले, “आपण फार मागे आहोत. अमेरिकेत कॅन्ससमध्ये क्षेपणास्त्रासाठी खणलेल्या जुन्या भुयारात पंधरा मजली फ्लॅट झालेत. पोहायचा तलाव, सिनेमा, कुत्रे फिरवायला जागा. पूर्ण मजला तीस लाख डॉलर.”

“मेंटेनन्स किती?” सेक्रेटरींनी विचारले.

मग न्यूझीलंड निघाले. पीटर थील या अब्जाधीशाला तिथले नागरिकत्व २०११ मध्ये मिळाले, तेही देशात एकूण १२ दिवस राहून. आमच्याकडे १२ दिवसांत नळजोडणीचा अर्जसुद्धा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. वानाका तळ्याकाठी त्याने १९३ हेक्टर जमीन घेतली. पण डोंगराच्या उतारात बेमालूम बसवायच्या त्याच्या विश्रामगृहाला तिथल्या जिल्हा परिषदेने २०२२ मध्ये परवानगी नाकारली. कारण काय, तर निसर्गदृश्य बिघडेल! जगबुडीच्या तोंडावरही बांधकाम परवाना चुकत नाही, हे ऐकून सेक्रेटरींना न्यूझीलंड एकदम घरचे वाटू लागले. तेवढ्यात बी-४०३ यांनी आठवण करून दिली, की १९ मार्च २०२० ला त्या देशाने सीमा बंद केली. नागरिक आणि कायम रहिवासी सोडून सगळे बाहेर. म्हणजे छत्री उन्हाळ्यात विकत घ्यायची आणि पाऊस सुरू झाला की दुकानदाराने ती काढून घ्यायची.

तेव्हा स्वदेशीच बरे, असे ठरले. बी-४०३ यांनी महाराष्ट्राचा नकाशा पसरला आणि लाल पेन काढला. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र, पालघर बाद. कोयनेला १९६७ चा भूकंप, पाटण बाद. “मराठवाड्याचा खडक जुना आणि भक्कम,” असे ए-७०२ म्हणाले. भूगर्भवाल्यांचाही तसाच समज होता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरेपर्यंत. त्यातून लातूरला २०१६ मध्ये पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. श्रीवर्धन-दिवेआगर सुंदरच, पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने तिथल्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. ‘सह्याद्रीच्या कुशीत हक्काचा प्लॉट’ अशी जाहिरात ए-७०२ यांनी दाखवली, तेव्हा पेन आंबेगाव तालुक्यात आला होता. माळीणची दरड, ३० जुलै २०१४. पेन तिथे टेकलाच नाही. कोणी काही बोलले नाही. चहा निवला.

शांतता सेक्रेटरींनी मोडली. “लोणार! तिथे उल्का एकदा पडून गेली आहे. पुन्हा त्याच जागी कशाला पडेल?” विचार बिनतोड होता. पण सरोवराचे पाणी खारे आणि भोवती अभयारण्य.

बी-४०३ यांना किल्ल्यांचा नाद. ते म्हणाले, “आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. किल्ला बांधण्याआधी पाणी बघा. नसेल तर खडक फोडून टाकी करा. झरा असला तरी एकट्या झऱ्यावर विसंबू नका.”

“टँकर?” सेक्रेटरींनी क्षीण आवाजात विचारले.

“आणि नुसत्या तटावर गड राखला जात नाही. खाली घेऱ्यात रामोशी, कोळी, महार अशी राखणदार माणसे वसवलेली असत. त्यांच्या नजरेआड कोणी वर चढत नसे.”

यावर ए-७०२ यांनी डग्लस रशकॉफ या लेखकाची हकीकत सांगितली. काही धनाढ्यांनी त्याला बोलावून विचारले, की पैशाची किंमत शून्य झाल्यावर आमचे पहारेकरी आमच्यावरच उलटले तर? धान्याच्या कोठाराला फक्त आपल्यालाच ठाऊक असलेले आकडी कुलूप लावावे की पहारेकऱ्यांच्या गळ्यात पट्टे घालावेत, इथवर त्यांचा विचार गेला होता. पहारेकऱ्यांशी आतापासूनच माणुसकीने वागणे, हा स्वस्त उपाय रशकॉफने सुचवून पाहिला. आमचे सेक्रेटरी दिवाळीला वॉचमनच्या हातावर सोनपापडीचा डबा ठेवतात, तोही आदल्या वर्षी त्यांना आलेला. ते विचारात पडले.

लाल पेनातून रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला बोटभर जागा सुटली होती. रविवारी गाडी काढली. दुर्गम ठिकाण शोधायला निघालेल्या समितीच्या तक्रारी क्रमाने अशा : रस्ता खराब, रेंज नाही, चहाची टपरी नाही. प्लॉटवर पोचताच सेक्रेटरींनी पावलांनी जागा मोजली आणि म्हणाले, “एका सभासदाला एकच गाडी. पाहुण्यांचे पार्किंग बाहेर.”

गावाच्या तोंडाशी मोरीच्या कठड्यावर एक म्हातारबाबा बसले होते. आम्ही येण्याचे कारण सांगितले. ते ज्या ओंडक्यावर काठी आपटत होते तो दाखवत म्हणाले, “हा आंब्याचा खोड. वीस साली लॉकडाउनात ह्याच मोरीवर आडवा टाकलेला.”

“कोणासाठी?”

“तुमच्यासाठीच. मुंबईवाल्यांसाठी. त्यात माझा थोरला पण आलेला. चौदा दिवस शाळेत ठेवला त्याला. मी डबा पायरीवर ठेवून यायचा.”

ए-७०२ म्हणाले, “काय हा अडाणीपणा!” सेक्रेटरी बूट न्याहाळू लागले. त्याच वर्षी आमच्या फाटकाला नायलॉनची दोरी आणि त्यांच्या सहीची नोटीस होती. सी-विंगमधल्या नर्सबाईंनी लिफ्ट वापरू नये, असे तिच्यात लिहिले होते. मजकूर माझा होता.

“या की तुम्ही,” म्हातारबाबा म्हणाले. “नाही कोण म्हणतोय? पण शाळेला खोल्या दोनच. एकीचा छप्पर गळतो.”

परतताना बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही. अखेर घाट उतरल्यावर सेक्रेटरी म्हणाले, “त्या शाळेच्या छपरासाठी आपण वर्गणी काढू. उद्या वेळ आली तर ओळख उपयोगी पडेल.”

“आणि आपली गच्ची?” बी-४०३ यांनी विचारले.

“गळू दे हो. जगबुडी झाल्यावर आपण तिथे थोडेच असणार!”

इतिवृत्तात नोंद केली आहे. विषय क्रमांक ६, पुन्हा प्रलंबित.