राज्य प्रयत्न करील

गेल्या सोमवारी आमच्या नातीची मुलाखत झाली. वय तीन वर्षं, शिक्षण काही नाही, अनुभव म्हणाल तर आंबिवली स्टेशनात उभं राहून कसारा लोकलला हात हलवण्याचा. शाळेचं नाव सांगत नाही. त्यात 'इंटरनॅशनल' हा शब्द आहे एवढं पुरे. मोहन्यात तीन जिने चढलं की आंतरराष्ट्रीय हद्द लागते.

आत एका मॅडमनी गाईचं चित्र समोर धरलं. "व्हॉट इज धिस?" नातीने नीट पाहिलं आणि म्हणाली, "ही बाजारात बसते. कोथिंबीर दिली की उठते." मॅडमनी कागदावर फुली मारली. गाईचा पत्ता, आहार आणि स्वभाव पोरीने एका दमात सांगितला होता. राहिलं ते 'काऊ'. मग मुलाला आणि सूनबाईंना इंग्रजीत प्रश्न झाले. मला, देवाच्या कृपेने, कोणी काही विचारलं नाही. निघताना फीचा कागद हातात पडला. तो वाचताना मात्र आमचं कोणाचंच इंग्रजी अडलं नाही.

मी जरा कायदा वाचणारा माणूस. घरी येऊन शिक्षण हक्क कायदा काढला. कलम 13 : प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाचणी घेतली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000. म्हटलं, आता बघतोच! चष्मा पुसून मागची पानं उलटली तर तिथे कलम 2 बसलेलं. 'बालक' म्हणजे कोण? सहा ते चौदा वर्षं वयाचा मुलगा किंवा मुलगी. म्हणजे आमची नात कायद्याच्या लेखी अजून बालक झालेलीच नाही. नर्सरीच्या प्रवेशांना हा कायदा लागू होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानेही 2013 साली सांगून टाकलेलं. मी सूनबाईंना म्हणालो, "हिला बालक व्हायला अजून तीन वर्षं आहेत. तोवर ही उमेदवार."

त्याहून चवीने वाचावा असा संविधानाचा अनुच्छेद 45. चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील, असं त्यात 1950 साली होतं. चौदाच्या आत तीन वर्षांचंही पोर येतं, हा हिशेब आमच्या नातीलाही जमेल. दहा वर्षं गेली, आणखी चाळीस गेली. मग 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदाच्या शिक्षणाला मूलभूत हक्क केलं आणि सहाच्या आतल्यांना 45 मध्येच बसवून ठेवलं. तिथलं 'प्रयत्न करील' शाबूत राहिलं. 'दहा वर्षांच्या आत' तेवढं गळलं. मुदत पाळता येत नाही म्हणून मुदतच खोडायची, ही सोय आमच्या चाळीतल्या भिशीलासुद्धा सुचली नव्हती.

पुढे 2009 चा कायदा म्हणाला, तिनावरच्या मुलांची तयारी करून घेण्यासाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल'. त्याच साली आमच्या एनआरसी कारखान्याला टाळं लागलं. म्हणजे मोहन्यातल्या बापांचे पगार थांबले आणि पोरांचे हक्क मंजूर झाले, तेही सहाव्या वर्षापासून. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सांगितलं की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, आणि चांगलं पूर्वप्राथमिक शिक्षण 2030 पर्यंत सगळ्यांना मिळेल. वाढत्या मेंदूंनी तोवर जरा दमाने घ्यावं.

मला ही दोन्ही क्रियापदं फार आवडली आहेत. यंदाच्या मालमत्ता कराच्या बिलावर मी लिहून देणार आहे : करदाता प्रयत्न करील. वीजबिलावर : ग्राहक भरू शकेल.

आता कोणी म्हणेल, अंगणवाडी आहे की! आहे ना. 2 ऑक्टोबर 1975 ला देशभर 33 प्रकल्पांनी ही योजना सुरू झाली. ठरलेल्या सेवा सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि पूर्वशालेय शिक्षण. सहा कामांना सेविका एक आणि मदतनीस एक. वर घरोघरचा सर्व्हे, वर मोबाईलमधलं पोषण ट्रॅकर ॲप. 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते सरकारी मोबाईल सरकारच्या पदरात परत टाकले होते. सेविकेच्या मानधनाचा केंद्राने ठरवलेला भाग 2018 मध्ये 4,500 रुपयांचा झाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या खाऊचा दर 2017 मध्ये ठरला तो दिवसाला 8 रुपये. त्यात 500 कॅलरी बसवायच्या होत्या. स्टेशनबाहेर आठ रुपयांत वडापाव सोडा, त्यातला वडाही मिळत नाही. आणि जागा? शहरात अंगणवाडी म्हणजे बहुतेक भाड्याची खोली. नव्या टॉवरच्या जाहिरातीत स्विमिंग पूल असतो, कुत्र्यांना फिरवायची बाग असते. अंगणवाडी अजून 'ॲमिनिटी' झालेली नाही.

गंमत अशी की ही सगळी विद्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली, 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. (दोन्ही गावं 2014 पासून पालघरला गेली. जिल्ह्याने एवढी मोठी ठेव दिली आणि पावतीही घेतली नाही.) माँटेसोरीची साधनं महाग, म्हणून या बायकांनी खडे, शिंपले, बिया, पानं घेतली. पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळा वस्तीच्या अंगणात नेली. पोरं गुरांमागे गेली, तर कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आम्ही शब्द ठेवला, अंगण विकलं.

आणि खुद्द माँटेसोरीबाईंनी पहिलं बालगृह कुठे काढलं? 1907 साली, रोममधल्या सॅन लोरेन्झो या वस्तीत, कामगारांच्या चाळीत! म्हणजे रोमचं मोहनेच ते. आता तेच नाव पाटीवर लिहिलं की फीला एक शून्य जास्त लागतं. मी हे त्या इंटरनॅशनल मॅडमना सांगितलं असतं, पण इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना.

गुरुवारी नातीला घेऊन अंगणवाडीत गेलो. "बाई, प्रवेशासाठी काय लागेल?" सेविका वजनकाट्यावर एक बाळ तोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चप्पल बाहेर काढायची." नातीची अट पूर्ण होती, ती अनवाणीच आली होती. आतल्या भिंतीवर फळांचा तक्ता, खाली पंधराएक पोरं, एका कोपऱ्यात रेशनची पोती आणि दुसऱ्या कोपऱ्यात शिजणारी खिचडी. पोरगी तासभर बसली, एक गाणं आणि एक मैत्रीण घेऊन आली. "आबा, उद्या पण!"

शुक्रवारी दाराला कडी. बाई सर्व्हेला गेलेल्या, मदतनीस तालुक्याच्या मीटिंगला. आम्ही दोघं पायरीवर बसलो. नातीने रस्त्यातले खडे गोळा करून ओळीत मांडले, मोठे एकीकडे, बारके एकीकडे. कोणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात बाजाराच्या बाजूने तीच गाय आली. नातीने एक खडा उचलून तिच्यासमोर धरला आणि करड्या आवाजात विचारलं, "व्हॉट इज धिस?"

गाईने हुंगलं आणि पुढे निघून गेली. नातीने हवेत फुली मारली.