पपीचे पप्पा

पिल्लू घरात येऊन आठवडा होत नाही तोच ‘पपीचे पप्पा’ ओळखू येऊ लागतात. वय पन्नाशीच्या पुढेमागे, बाणेर-बावधनकडे किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडला फ्लॅट, अंगात बर्म्युडा, हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला दोन किलोचं शिह त्झू. “या घरात कुत्रं येईल किंवा मी राहीन,” असं निक्षून सांगणारे ते हेच. आता त्यांना एकच प्रश्न छळतो: पिल्लाला ओलं द्यावं की सुकं? पाउचमधली ग्रेव्ही की पाकिटातले दाणे? स्वतःच्या घरचा ओला आणि सुका कचरा वर्षानुवर्षं एकाच बादलीत टाकणारा हा गृहस्थ पिल्लाच्या वाटीपाशी येताच एकदम तत्त्वनिष्ठ होतो. लिफ्टमध्ये भेटेल त्याचं मत घेतो, आणि मत देणारा कधी कुत्र्याच्या वाटेला गेलेला नसला तरी ते मनावर घेतो. आमच्या मते या प्रश्नाशी पिल्लाचा संबंध फार थोडा आहे. पप्पांचाच फार आहे.

पुरावा पाकिटाच्या पाठीवरच छापलेला असतो. पप्पा चष्मा कपाळावर सरकवतात, पाकीट नाकाशी धरतात आणि वाचतात: दाण्यांत प्रथिनं २७ टक्के, पाउचमध्ये ८. झालं! ओलं म्हणजे शुद्ध लूट, असा निकाल लागतो. पण पाउचमध्ये सुमारे ८० टक्के पाणीच असतं. ते वगळून उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे ४० टक्के झाली. दाण्यांत पाणी १० टक्क्यांच्या आसपास, तेव्हा तिथला हिशोब ३० टक्क्यांवर येतो. हे कळल्यावर पप्पा रातोरात ओल्या पक्षात जातात. मग कुणीतरी दुसरा हिशोब मांडतं. तीन महिन्यांच्या, दोन किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी लागतात. तेवढ्या दाण्यांतून मिळवायला शंभर ग्रॅम पुरतात. नुसत्या ग्रेव्हीवर भागवायचं तर ८० ग्रॅमचे पाच-सहा पाउच रोज. पप्पा संध्याकाळपर्यंत पुन्हा सुके होतात. या सगळ्या पक्षांतरात पिल्लाचं मात्र खरोखर पोट बिघडतं. अन्न बदलायचं तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदलावं लागतं, आणि पप्पांची मतं तेवढी टिकत नाहीत.

आणि हा वाद कुत्र्यांनी सुरू केलेलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पत्र्याची टंचाई झाली, कुत्र्यांचं डबाबंद अन्न मागे पडलं आणि सुकं पुढे आलं. पुढे १९५७ साली प्युरिनाने फुगवलेले दाणे बाजारात आणले आणि ते जगभर पसरले. साठवायला सोपे, सांडले तर झाडायला सोपे! माणसाची सोय झाली. कुत्र्याचं मत तेव्हाही कुणी घेतलं नव्हतं.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला दातांचा: सुकं चावून दात स्वच्छ राहतात. नेहमीचा दाणा दात लागताच फुटतो, त्यामुळे दात फारसे घासले जात नाहीत. त्यासाठी खास बनवलेले दाणे वेगळे मिळतात. शिवाय पिल्लाचे २८ दुधाचे दात सहा-सात महिन्यांत पडायचेच असतात. दुसरा आक्षेप गावाकडून येतो: “आमचा मोत्या भाकरी-ताकावर चौदा वर्षं जगला!” जगला असेल. पण मोत्याला उकिरडा होता, शेतातले उंदीर होते, लग्नसराईत पंगतीमागची पत्रावळ होती. फ्लॅटमधल्या पिल्लाला ही वरकमाई नाही, आणि मोत्याची जी भावंडं जगली नाहीत त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. नुसत्या दूध-पोळीतून वाढत्या हाडांना लागणारं कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण जमत नाही. तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे: पिल्लू पाणी कमी पीत असेल, आजारातून उठलं असेल किंवा वासाशिवाय तोंडच लावत नसेल तर ओलं उपयोगी पडतं. पण तो निर्णय व्हेटचा. लिफ्टमधल्या बहुमताचा नाही.

मग पप्पा इतका कीस का पाडतात? सोफ्याचा रंग, मुलाची शाखा, मुलीचं सासर, सुट्टीतली सहल हे सगळं त्यांना विचारल्यासारखं करून परस्पर ठरलेलं असतं. वाटीचं हे एकच खातं त्यांच्याकडे आलं आहे. मिळालेलं खातं कोणता मंत्री एका बैठकीत निकाली काढतो?

आमचा निकाल मात्र सोपा आहे. ‘वाढत्या पिल्लांसाठी संपूर्ण आणि संतुलित’ असं पाकिटावर लिहिलं असेल तर ओलं चालेल, सुकं चालेल, दोन्ही मिसळून चालेल, कोमट पाण्यात भिजवलेले दाणेही उत्तम. भिजवलेलं मात्र पावसाळी दमटात वाटीत तासन्‌तास ठेवू नका. आणि कांदा, द्राक्षं, चॉकलेट कशातच नको. तेव्हा पप्पा, चर्चा खुशाल चालू द्या, पण दिवसातून तीन-चार वेळा वाटी भरा. लहान जातीचं पिल्लू फार वेळ उपाशी राहिलं तर त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. तुमचा ठराव मंजूर होईपर्यंत ते तग धरेलच असं नाही.