वांगं, बादली आणि बी.एफ.ए.

वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढल्याबद्दल ज्यांनी दहा वर्षं शिक्षकांची बोलणी खाल्ली आणि तोच उद्योग आता चार वर्षं राजरोस, फी भरून करायचं ज्यांनी ठरवलं आहे, अशा होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात किंवा नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात बी.एफ.ए.ला शिरायचं तर काय करावं लागतं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. अनुभवी मंडळींनी वाचलं नाही तरी चालेल. त्यांना सगळं माहीत असतं, आणि तरी त्यांच्या बादलीचं बूड सपाटच असतं. त्याबद्दल पुढे.

पहिली पायरी घरात सांगण्याची. योग्य वेळ जेवण झाल्यावर आणि बातम्या लागण्याआधी. आई काही बोलणार नाही, ती बाबांकडे बघेल. बाबा एकच प्रश्न विचारतील, "त्यात स्कोप आहे का?" इथे ‘पेंटिंग’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. ‘शिल्पकला’ तर मुळीच नाही. ‘अ‍ॅप्लाइड’ म्हणावं. त्यात जाहिरात, अ‍ॅनिमेशन, मोबाइलवरची अ‍ॅप्स असं सगळं येतं, आणि बाबांच्या ऑफिसातल्या कुणाची तरी भाची त्यातून बंगळुरूला गेलेली असतेच. मामा म्हणेल, "मग आमच्या दुकानाची पाटी रंगवून दे." रंगवून द्यावी, पैसे मागू नयेत. अक्षरलेखनाचा सराव फुकट होतो.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा अर्ज जे.जे.ने नाकारला होता आणि पुढे त्याच संस्थेने त्यांना सन्मानाने पाहुणे म्हणून बोलावलं, ही गोष्ट प्रत्येक उमेदवाराला पाठ हवी. मात्र ती निकालानंतर वापरायची आहे. आधी सांगितलीत तर बाबा म्हणतील, मग घरीच बसून व्यंगचित्रं काढ, फी तरी वाचेल.

दुसरी पायरी क्लास. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या असतील, ‘ए’ मिळाली असेल, तर अभिनंदन. प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या हॉलमध्ये तुमच्या पुढच्या, मागच्या आणि शेजारच्या बाकावरही ‘ए’च बसलेली असते. म्हणून क्लास. तो जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असतो, जिना अरुंद असतो आणि ड्रॉइंग बोर्ड त्यातून तिरकाच न्यावा लागतो. हाच बोर्ड सकाळच्या कल्याण लोकलमध्ये चढवता आला की निम्मी तयारी झाली असं समजा. बोर्ड पोटाशी धरावा, पाठीशी नाही. पाठीशी धरला तर मागचा माणूस त्यावर पेपर ठेवून वाचतो.

सामान: एचबी, टूबी, फोरबी, सिक्सबी, पोस्टर कलर, गोल आणि चपटे ब्रश, क्लिपा, पाण्याचा डबा, जुन्या बनियनचं फडकं. महागडा ब्रश घेऊ नका, उसना जातो.

आता मुख्य विषय, वस्तुचित्र. क्लासात स्टुलावर एक मांडणी असते: स्टीलची बादली, तिच्या पुढ्यात वांगं, अर्धवट सोललेला कांदा आणि मागे कुणाच्या तरी घरून आलेली चादर. वांगं आठवडाभर तेच असतं. सोमवारी ते जांभळं असतं, शनिवारी काढाल ते खाली बसलेलं, सुरकुतलेलं. खरं तर तेच काढायला जास्त चांगलं, पण सर ते बदलतात.

बादलीचं तोंड गोल असतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सगळे तिथे लंबवर्तुळ काढतात. बादली जमिनीवर नीट बसते हेही सगळ्यांना माहीत आहे, म्हणून बुडाशी सगळे पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारतात. आता स्टुलासमोर बसून खरोखर बघा. तोंड डोळ्यांच्या पातळीच्या जवळ आहे, म्हणून त्याचं वर्तुळ चपटं दिसतं. बूड पातळीच्या आणखी खाली आहे, म्हणून त्याची कड वरच्यापेक्षा जास्त गोलाई घेते. सरळ तर ती कुठेच नाही. हे ध्यानात यायला काहींना दोन महिने लागतात, कारण तोवर ते बादली बघतच नसतात, बादलीबद्दल जे ठाऊक आहे ते काढत असतात.

वांग्याचं दुखणं वेगळं. क्लासमध्ये वांग्यावर चकाकी कुठे द्यायची ते ठरलेलं आहे: वर, डावीकडे, पांढऱ्या रंगाचा एक फटकारा. आमच्या ओळखीच्या एका क्लासात खिडकी उजवीकडे आहे. प्रकाश उजवीकडून येतो, बादलीची सावली डावीकडे पडते आणि सगळ्या वांग्यांवर चकाकी डावीकडेच. तीस मुलं, तीस वांगी, आणि खिडकीकडे एकाचंही लक्ष नाही. सर हिंडून शाबासकी देतात. परीक्षक मात्र दिवसभर अशीच वांगी तपासत बसलेला असतो. त्याच्यासमोर उजवीकडे चमकणारं एक जरी वांगं आलं तरी तो खुर्चीत सरळ बसेल, असा माझा अंदाज आहे. हमी देत नाही.

स्मरणचित्रासाठी क्लास जे शिकवतो त्याला तोड नाही. विषय काहीही येवो, भाजी मंडई, बसस्टॉप, गणपती विसर्जन, सूत्र एकच. हात जमत नसतील तर खिशात घाला. पाऊल जमत नसेल तर समोर गवत उगवा किंवा हातगाडीचं चाक आणा. चेहरा जमत नसेल तर माणूस पाठमोरा करा. तरीही भागलं नाही तर पाऊस पाडा आणि सगळ्यांना छत्र्या द्या. अशा रीतीने महाराष्ट्रात दरवर्षी हजारो चित्रांमधून हात नसलेली, पाय नसलेली, पाठमोरी माणसं भर उन्हाळ्यातल्या मंडईत छत्र्या घेऊन उभी असतात. कोपऱ्यात फुगेवाला असतो. विसर्जनात असतो, बसस्टॉपवर असतो, इस्पितळाच्या दारातही असतो.

त्यापेक्षा संध्याकाळी दादरला फुलबाजाराच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहा. वजन एका पायावर टाकून, मोबाइल कान आणि खांद्यात दाबून, दोन्ही हातांनी वेणी निरखणारी बाई दिसेल. तिची मान, वर गेलेला एक खांदा, बाहेर आलेली कंबर, पदराचा ओघ, एवढं घरी येऊन काढा. चुकेल. पण परीक्षेत खिशाबाहेर हात काढायची छाती होईल.

संकल्पचित्राला फार समजावण्यासारखं नाही. रंग सायीइतका दाट ठेवा, सपाट लावा आणि पहिला वाळल्याशिवाय शेजारचा लावू नका. घड्याळाकडे बघून घाई केलीत तर लाल आणि हिरवा एकमेकांच्या घरी जातात.

परीक्षेचा चौथा भाग सामान्यज्ञानाचा. जे.जे.ची स्थापना 1857, मुंबई विद्यापीठाचीही तीच, म्हणजे एकात दोन पाठ झाली. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप 1947, तेही स्वातंत्र्यामुळे लक्षात राहतं. रुडयार्ड किपलिंग 1865 मध्ये जे.जे.च्या आवारात जन्मला हे सगळे सांगतात. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत होते, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्यांची आहेत. ती जे.जे.पासून चालत पाच मिनिटांवर आहेत. त्यांच्याखालून आंबे घेऊन जाणाऱ्यांनी मान वर केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. जे.जे.तलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. भिंतीकडे बघत बसणं हा तेव्हा अभ्यासक्रम होता. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या.

त्याच प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधल्या, गोव्यातल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना 1945 मध्ये जे.जे.तून काढून टाकलं होतं, हे वाचून काही उमेदवारांच्या अंगात बंडखोरी संचारते. त्यांनी ध्यानात घ्यावं की काढून टाकलं जाण्यासाठी आधी आत जावं लागतं.

शेवटची पायरी कागदपत्रांची, आणि चित्रकार इथेच गळतात. डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर. हे सेतू केंद्रात एका दिवसात मिळतं असं सांगणारा माणूस तुम्हाला भेटेल. त्याला स्वतःला ते मिळालेलं नसतं. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर होतात, एवढं पुरे. पसंतीक्रम भरताना घराजवळचं कॉलेज वर टाकायचा आग्रह होईल, तिथे मात्र ऐकू नका. ज्या शाखेत रोज आठ तास बसायची तयारी आहे तीच वर टाका, मग ती सिरॅमिक असली तरी. आणि जे.जे.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा गेल्या वर्षीच्या दादाच्या सांगण्यावर न जाता यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, शेवटच्या पानापर्यंत.

नाव यादीत लागलं तर पेढे वाटा आणि वांगं-बादलीतून सुटलो म्हणून बोर्ड माळ्यावर टाकू नका. बी.एफ.ए.चं पहिलं वर्ष फाउंडेशनचं असतं, आणि त्यात पुन्हा वस्तुचित्रच असतं.