उसनवारीचा सूत्रधार

नाटकाच्या प्रयोगात रंगमंचावर जे दिसावे त्याची काळजी दिग्दर्शक वाहतो आणि जे मुळीच दिसू नये त्याची काळजी रंगमंच व्यवस्थापक वाहतो, अशी या दोन पदांमधील श्रमविभागणी सामान्यतः सांगितली जाते. शहरातील व्यावसायिक रंगभूमीपुरती ती बरोबर आहे, कारण तेथे नाट्यगृह आधीच बांधलेले असते, पडदा ओढला की सरकतो आणि नेपथ्याचे सामान टेम्पोतून येऊन टेम्पोतूनच परत जाते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर हे गाव भोकर-हिमायतनगरवरून किनवटकडे जाताना लागते; शेजारी सहस्रकुंडाचा धबधबा कोसळत असतो, पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू होतो आणि तेलंगणही फारसे लांब नाही. अशा गावी नाटक उभे राहते ते गणपतीत, नवरात्रात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात, कधी पटांगणावर तर कधी देवळापुढच्या मोकळ्या जागेत, आणि त्याचा व्यवस्थापक हा मूलतः व्यवस्थापक नसून ऋणको असतो. त्याच्या रंगमंचावरची एकही वस्तू त्याची नसते आणि ज्यांची असते ते सगळे समोर सतरंजीवर बसलेले असतात.

नाट्यव्यवहारात 'प्रॉपर्टी' हा शब्द पात्रांच्या हाताळण्यात येणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे काठी, चष्मा, पाकीट, तांब्या, कंदील यांच्यासाठी वापरतात. गावात हाच शब्द सातबाऱ्यावर चढणाऱ्या आणि भावाभावांत अबोला धरायला लावणाऱ्या मालमत्तेसाठी रूढ आहे. या दोन अर्थांतील अंतर राखणे हे व्यवस्थापकाचे पहिले कर्तव्य असले तरी ते त्याला आयुष्यभर साधत नाही, कारण कंदील मागायला गेलेल्या माणसाकडे गाव ज्या नजरेने पाहते ती नजर बांध कोरणाऱ्याकडे पाहण्याच्या नजरेहून फारशी वेगळी नसते.

हा गृहस्थ मुळात नट व्हायला आलेला असतो. वयाच्या अठराव्या वर्षी तालमीच्या ठिकाणी कोणीतरी त्याला "गड्या, तेवढी खुर्ची धर" असे सांगितलेले असते आणि चाळिशी उलटली तरी त्याने ती खुर्ची सोडलेली नसते. दिवसा तो मोटारपंप दुरुस्त करतो, किराणा दुकानात हिशेब लिहितो किंवा शाळेत शिकवतो. प्रयोगाच्या आठ दिवस आधीपासून मात्र त्याच्या सदऱ्याच्या खिशात सुतळी, खिळे, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, पेचकस आणि एक वही एवढा संसार सामावलेला असतो. वहीत तीन रकाने असतात: पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात तिचा मालक, आणि तिसऱ्यात ती काय सांगून आणली याची नोंद. शहरातील व्यवस्थापकाच्या संहितेवर कोणत्या वाक्याला कोणता दिवा लावायचा आणि कोणत्या वाक्याला संगीत सुरू करायचे यांच्या खुणा असतात. त्या खुणांना 'क्यू' म्हणतात आणि त्यांवर सारा प्रयोग चालतो. इस्लापूरचा प्रयोग तिसऱ्या रकान्यावर चालतो. ज्या आरामखुर्चीच्या मालकाला "तुमच्या खुर्चीवर न्यायाधीश बसणार हाय" असे सांगितलेले असते, त्या खुर्चीवर दुसऱ्या अंकात खलनायक पाय सोडून बसतो, आणि त्या क्षणी मालक प्रेक्षकांत कुठे बसला आहे हे ठाऊक असणारा सबंध मंडपातील एकमेव मनुष्य व्यवस्थापक हाच असतो.

उसने मिळवण्याचीही एक पद्धत ठरून गेलेली आहे. मालक प्रथम वस्तू नादुरुस्त असल्याचे सांगतो, मग ती पाहुण्यांनी नेल्याचे सांगतो, आणि अखेर ओसरीत समोरच उभी असलेली बाज नजरेआड करणे अशक्य झाले की म्हणतो, "नाटक हाय म्हणून देऊलालो, पण रातच्या रात वापस पायजे." व्यवस्थापक "मामा, सकाळच्या चहाआधी तुमच्या ओसरीत असंल" असे वचन देतो आणि निघताना मामांच्या नातवाला नाटकात घेण्याचे दुसरे वचन देऊन बसतो. लेखकाने सहा पात्रांचे लिहिलेले नाटक या भागात अकरा पात्रांचे होते त्याचे कारण हेच आहे. भाले धरून मुकाट उभे राहणारे ते पाच शिपाई दिग्दर्शकाला सामाजिक नाटकात खटकतात, वादही होतो, पण त्यांतील प्रत्येक शिपाई हा एकेका बाजेचे, घडवंचीचे किंवा पेटीचे भाडे आहे हे त्याला समजावून सांगण्यात व्यवस्थापक वेळ घालवत नाही.

याच व्यवस्थेचा अभिनयावरही परिणाम झाला आहे, आणि नाट्यसमीक्षेने त्याची दखल घ्यायला हवी होती. संहितेत 'तो संतापाने तांब्या भिरकावतो' अशी रंगसूचना असते. रंगसूचना म्हणजे संवादाबाहेर, कंसात दिलेली कृतीची सूचना. पण तांब्या पितळी असतो, त्याच्या काठावर मालकाचे नाव कोरलेले असते आणि मालकीणबाई पहिल्या रांगेत बसलेल्या असतात. मग व्यवस्थापक नायकाला विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, गाठून संताप केवळ डोळ्यांतून दाखवण्यास सांगतो. अशा अभिनयाला इतरत्र संयत अभिनय म्हणतात. येथे तो पोचा पडू नये म्हणून केला जातो. शोकप्रसंगाचीही तीच गत होते, कारण मरणासन्न आईच्या उशाशी कंदील ठेवताच बायकांच्या बाजूने "आमचाच हाय की गं त्यो" असा आनंदोद्गार निघतो आणि मंडपातले रडे जागच्या जागी वाळते.

हे संकट नवे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच प्रयोगाची हकिगत आहे. त्या प्रयोगात दैत्यांचा पराभव दाखवल्यामुळे चिडलेल्या विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. तेव्हा इंद्राने ध्वजाच्या दांड्याने, ज्यास पुढे जर्जर म्हणू लागले, त्यांना झोडपून काढले. नंतर ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले आणि त्याच्या एकेका भागावर एकेक देव राखणीस बसला. पैकी नेपथ्यगृह, म्हणजे नट जेथे वेश करतात ती जागा, मित्र या देवाकडे आली. मराठीत नेपथ्य म्हणजे रंगमंचावरची मांडणी असा अर्थ आता रूढ झाला असला तरी शब्दाचा हा जुना अर्थ इस्लापुरात जिवंत आहे, फक्त त्या जागेवर 'इयत्ता चौथी' अशी पाटी असते. त्याच ग्रंथात मुकुट घडवणारा, माळा करणारा, वस्त्रे धुणारा असे निरनिराळे कारागीर मोजलेले आहेत. ते सारे कारागीर आणि राखणीचे सारे देव येथे एकाच सदऱ्यात कोंबलेले असतात. नटाची स्मृती गोठण्यास तर विघ्नाचीही गरज उरत नाही, कारण पाठांतर झालेलेच नसते. मग प्रॉम्प्टरचे, म्हणजे विंगेतून हळूच वाक्ये पुरवण्याचे, कामही व्यवस्थापकावर येते, आणि हळूच हा शब्द त्याच्या घशाला ठाऊक नसल्यामुळे प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावयास मिळते: एकदा नाटककाराचे म्हणून आणि एकदा नटाचे म्हणून.

प्रयोग सुरू होण्याची खूण म्हणून तीन घंटा देण्याची प्रथा आहे आणि तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो. घंटा शाळेची असते. ती सलग बडवली तर गावातील लहान मुलांना शाळा सुटल्याचा बोध होऊन ती ओरडत उठतात, म्हणून व्यवस्थापक दोन टोल्यांमध्ये श्वास घेण्याइतके अंतर ठेवतो. अंधाराचा प्रश्न याहून अवघड आहे. 'ब्लॅकआउट' म्हणजे प्रवेश बदलण्यासाठी मुद्दाम केलेला अंधार. 'लाईट गेली' म्हणजे मुद्दाम न केलेला. प्रेक्षक दोन्हींना सारख्याच शिट्ट्या देतात, त्यामुळे व्यवस्थापकाला अंधारातून "ही आपणच घालवलीय!" असे ओरडून सांगावे लागते. खरोखरच वीज गेलेली असली तरीही तो हेच ओरडतो, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो.

पूर्वी गावातली नाटके कोंबडा आरवेपर्यंत चालत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई केली आणि सणासुदीच्या मोजक्या दिवसांपुरती बारा वाजेपर्यंतची सवलत ठेवता येईल असे ठरवले. परवानगीचा अर्ज व्यवस्थापकाच्या सहीने गेलेला असल्यामुळे पावणेदहाला तिसरा अंक सुरूच व्हायचा असेल तर तो विंगेतून दोन बोटांनी कात्रीची खूण करतो. नायिकेची दोन स्वगते, म्हणजे पात्राने स्वतःशी केलेली भाषणे, त्या कात्रीत जातात आणि खलनायकाला दहाला पाच कमी असताना पश्चात्ताप होतो.

नाटकांविषयीची त्याची मतेही या धंद्यातूनच घडलेली असतात. मराठवाड्यातील प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रे एकट्याने उभी केली; इतर लोक त्यातील नकलांचे कौतुक करतात, हा मात्र त्यात कोणाची बाज लागली नाही याचे करतो. अमेरिकी नाटककार थॉर्नटन वाइल्डर यांच्या १९३८ सालच्या 'आवर टाउन' या नाटकात रंगमंच व्यवस्थापक हेच एक प्रमुख पात्र असून आपल्या सूत्रधाराप्रमाणे तो प्रेक्षकांशी बोलतो. तेथे रंगमंचावर टेबल-खुर्च्यांखेरीज जवळजवळ काहीच नसते, बाकीच्या वस्तू असल्याचा नुसता अभिनय करतात. हे नाटक त्याला कोणी सांगितले तर त्याला अमेरिकेचा हेवा वाटेल, मात्र त्याचा पहिला प्रश्न टेबल कोणाचे, हाच असेल.

अशा गावातील संघ सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी नांदेडला कुसुम सभागृहात उतरला की व्यवस्थापकाची अवस्था पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी होते. विंगा पक्क्या, पडदा मखमली, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणाचेही रंगमंचावर काही नाही! इतक्या निर्धास्त प्रयोगात त्याचे चित्त लागत नाही. स्पर्धेत नाटक, दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा आणि अभिनय यांना पारितोषिके असतात. रंगमंच व्यवस्थेचे नाव त्या यादीत सहसा ऐकू येत नाही, आणि निकालाच्या वेळी तो तसाही सभागृहात नसतो, कारण परतीच्या टेम्पोचे भाडे ठरवणे चाललेले असते.

मात्र एक नाटक त्याला मनापासून धास्तावते. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात मुंबईची हौशी मंडळी एका गावात प्रयोगासाठी येतात आणि गावचा सामंत त्यांना हॉल उघडून देतो, खुर्च्यांची सोय पाहतो. सामंताविषयी व्यवस्थापकाला बंधुभाव वाटतो. धास्ती वाटते ती दाराची. नाटकाची नायिका असलेल्या बेणारेबाईंचे बोट सुरुवातीलाच दाराच्या कडीत सापडते आणि पुढे बाहेरून कडी बसल्यामुळे त्यांना निघून जाता येत नाही, म्हणजे कडी बाहेरून बसणारे खरे दार उभे करणे भाग पडते. गावात बाज मिळते, घड्याळ मिळते, कोणी फारच आग्रह केला तर म्हशीची साखळीही मिळते, पण चालत्या घराचे दार काढून देईल असा माणूस मिळत नाही. तेव्हा तो घरी जातो, पेचकस काढतो आणि स्वतःच्या न्हाणीघराचे दार बिजागऱ्यांसकट उतरवून खांद्यावर घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाआधी, वहीप्रमाणे सर्व वस्तू परत जातात. तांब्याला पोचा नाही हे उन्हात फिरवून पाहिले जाते, बाजेच्या सुंभाला जोर लावून पाहतात, कंदिलातले रॉकेल कमी झाल्याची तक्रार होते आणि वहीत एकेका ओळीवर काट पडत जाते. दाराची ओळ वहीत लिहिलेलीच नसते, कारण मालकाला काही सांगून ते आणावे लागलेले नसते. त्यामुळे ते शाळेच्या कोठीत, पुढच्या वर्षी लागेल म्हणून, भिंतीला टेकून राहते. न्हाणीघराला पोत्याचा पडदा टांगलेला असतो, आणि घरातली माणसे तो सारण्याआधी तीनदा खाकरतात.