आपटे कोण करणार?

आगामी चित्रपटांच्या बातम्या वाचणारा माणूस चित्रपट बघणाऱ्यापेक्षा सुखी असतो, असं माझं मत होत चाललं आहे. चित्रपटाला तिकीट लागतं, पार्किंग लागतं, आणि पॉपकॉर्नचा भाव ऐकून चेहरा निर्विकार ठेवण्याची साधना लागते. बातमीला काहीच लागत नाही. अमुक नायकानं होकार दिला, तमुक नायिकेशी बोलणी चालू आहेत, खलनायक म्हणून दक्षिणेतल्या एका बड्या नटाचं नाव घेतलं जातंय. एवढ्या भांडवलावर आपण मनातल्या मनात अख्खा चित्रपट काढतो, लावतो आणि हवा तर पाडतोही. शिवाय बातमीतला चित्रपट मध्यंतरानंतर कधीही घसरत नाही.

या सुखाचा सगळ्यात लांबलेला प्रयोग म्हणजे ‘हेरा फेरी ३’. पहिला ‘हेरा फेरी’ आला २००० साली, दुसरा २००६ साली. दुसऱ्याचा शेवट आठवा. अक्षय कुमारचा राजू एका पुलावरून वाकलाय. जुन्या बंदुका पाण्यात टाकून पुरावा नष्ट करायचा आहे. इकडे त्याचा साथीदार श्याम आणि परेश रावलांचे बाबूराव आपटे यांना कळलंय की त्या भंगार दिसणाऱ्या बंदुकांना प्रचंड किंमत आहे, म्हणून ते जिवाच्या आकांतानं त्याला फोन लावताहेत. राजूचे हात बंदुकांत अडकलेले, वाजणारा मोबाइल तोंडात. चित्रपट तिथं संपला. म्हणजे जून २००६ पासून हा माणूस पुलावर ओणवा आहे आणि फोन वाजतो आहे. तो मोबाइलही बटणांचा. त्यानंतर बटणं गेली, थ्री-जी आलं आणि गेलं. राजूनं फोन उचललेला नाही.

त्याला पुलावरून उतरवण्याचे प्रयत्न मात्र बातम्यांतून सतत झाले. एकदा ठरलं की परेश रावल आणि सुनील शेट्टी राहतील, सोबतीला जॉन अब्राहम आणि अभिषेक बच्चन येतील आणि दिग्दर्शन नीरज व्होरा करतील. पहिल्या भागाचे संवाद व्होरांचे, दुसऱ्याचं दिग्दर्शनही त्यांचंच. पण २०१६ मध्ये ते आजारी पडले आणि कोमात गेले. निर्माते फिरोज नाडियादवालांनी त्यांना जुहूच्या आपल्या घरी आणून एका खोलीचा अतिदक्षता विभाग केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये व्होरा गेले. या सगळ्या हेराफेरीत ही एकच गोष्ट अशी की जिच्याबद्दल विनोद सुचत नाही. सिनेमाच्या धंद्यात माणसं माणसांशी अशीही वागतात, हे कास्टिंगच्या बातम्यांत सहसा छापून येत नाही.

मग इंद्र कुमारांचं नाव आलं. २०२२ च्या नोव्हेंबरात कार्तिक आर्यन येणार असं खुद्द परेश रावलांनी सांगितलं, आणि पटकथा पटली नाही म्हणून आपण बाजूला झालो असं अक्षय कुमारनी सांगितलं. चार महिने उलटायच्या आत जुनं त्रिकूट पुन्हा एकत्र. दिग्दर्शक फरहाद सामजी असल्याचं कळताच लोकांनी समाजमाध्यमांवर त्यांना काढण्याची मोहीम उघडली. ज्या चित्रपटाचा एक शॉटही कोणी पाहिलेला नाही, त्याच्या दिग्दर्शकाला प्रेक्षकांनी घरी बसवू पाहणं हा लोकशाहीचा नवाच आविष्कार होता. अखेर ३० जानेवारी २०२५ ला, प्रियदर्शन यांच्या वाढदिवशी, अक्षय कुमारनी शुभेच्छा दिल्या आणि पहिल्या भागाच्या या मूळ दिग्दर्शकानं उलट भेट म्हणून तिसरा भाग देऊ केला. वाटलं, आता राजू फोन उचलतो.

मे महिन्यात परेश रावल बाहेर पडले.

त्या दिवशी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं एरवी सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचे लेप याखेरीज काही येत नाही, तिथं एका मावसभावानं विचारलं, “मग आता आपटे कोण करणार?” लक्षात घ्या, ‘परेश रावल का गेले’ असं नाही विचारलं. आपट्यांचं कसं होणार, ही काळजी होती. एरवी बारशापासून बाराव्यापर्यंत कशावरही एकमत न होणारी माझी नातलग मंडळी तासाभरात या निर्णयाला आली की दुसरा कोणी चालणार नाही. बाहेरही तेच. लोकांनी पंकज त्रिपाठींचं नाव पुढं केलं तेव्हा त्यांनी स्वतःच हात जोडले. परेशजींपुढे आपण शून्य, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ते मोकळे झाले. नकार देऊन माणूस मोठा होतो, याचं इतकं स्वस्त उदाहरण सिनेसृष्टीत दुसरं मिळणार नाही.

मराठी माणसाला ही काळजी अंमळ जास्तच वाटणं साहजिक आहे, कारण बाबूराव गणपतराव आपटे हे आपल्यातले. हिंदी सिनेमानं आपल्याला बहुतेक वेळा हवालदार, घरकाम करणारी बाई, पुढाऱ्याचा उजवा हात किंवा टपोरी यांतलंच काहीतरी दिलं. मुंबईत स्वतःच्या मालकीचं घर असलेला मराठी माणूस दाखवायचं धाडस या चित्रपटानं केलं, आणि मग वास्तवाचं भान सुटू नये म्हणून त्याला कर्जात बुडवलं. घराला लागून ‘स्टार गॅरेज’. त्यात दुरुस्त होऊन बाहेर पडलेली गाडी मला तरी आठवत नाही. जाड भिंगांचा चष्मा, वर खोचलेलं धोतर, संध्याकाळची बाटली, आणि दिवसभर खणखणणारा फोन. डिरेक्टरीत घोळ झाल्यामुळे ‘स्टार फिशरीज’ नावाच्या मासळीच्या कंपनीचे फोन या गॅरेजात येतात. आपटे आडनावाच्या घरात सकाळी उठल्यापासून मासळीची चौकशी! संहितेत हा विनोद कुणी मुद्दाम घातला की आपोआप झाला, देव जाणे, पण सदाशिव पेठेत तो जितका समजला असेल तितका अंधेरीत समजला नसणार.

ज्यांच्या घरी त्या काळी लँडलाइन होता त्यांना आपट्यांचा वैताग सांगावा लागत नाही. तेव्हा फोन ही चैन होती आणि राँग नंबर हा त्यावरचा कर. आमच्या फोनवर एका लाँड्रीचे कॉल यायचे. आई सुरुवातीला सभ्यपणे ‘राँग नंबर’ म्हणायची, पुढं पुढं ‘कपडे गुरुवारी मिळतील’ म्हणून ठेवून द्यायची. पडद्यावर बाबूराव रिसीव्हर उचलून तोंडाला येईल ते बोलले, तेव्हा तमाम मध्यमवर्गाचा साठलेला राग एका माणसानं बाहेर काढला.

आणि हे आपटे उभे केले एका गुजराती नटानं. परेश रावल पार्ल्याच्या नरसी मोनजी कॉलेजचे. कॉलेज पश्चिमेला. रूळ ओलांडून पूर्वेला आलं की आपट्यांना तोटा नाही. मराठी वळणाचं ते हिंदी, शब्द चावून बोलणं, रागावताना मध्येच केविलवाणं होणं, हे टेकूला टेकू लावून केलेलं सोंग वाटत नाही. एखाद्या मराठी नटानं केलं असतं तर कदाचित आपण बोलीतल्या चुका काढत बसलो असतो. परक्यानं केलं म्हणून कौतुक केलं, आणि कौतुक करता करता माणूस घरचा करून टाकला.

खरं तर नट बदलण्याची धास्ती मराठी प्रेक्षकानं घ्यायचं कारण नाही. आपण रिप्लेसमेंटवर वाढलेली माणसं. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ‘नटसम्राट’ उभा केला. मग दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. वडिलांच्या पिढीत दोन सभ्य गृहस्थांत कायमचं वितुष्ट आणायला ‘लागू की भट?’ एवढा प्रश्न पुरायचा. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लक्ष्मण देशपांड्यांनंतर कोण करू धजेल असं वाटायचं. संदीप पाठकांनी केलं आणि लोक तसेच पोट धरून हसले. रंगभूमीवर भूमिका हे घर असतं आणि नट भाडेकरू. एक जातो, दुसरा येतो, भिंतीला नवा रंग लागतो, घर तेच. सिनेमात मात्र पागडीचा व्यवहार. एकदा कोणी आत शिरला की पिढ्यानपिढ्या तोच. गब्बर आधी डॅनी करणार होते, ‘धर्मात्मा’च्या शूटिंगसाठी ते अफगाणिस्तानात अडकले म्हणून अमजद खान आले, हे आपण दर वर्षी कुणाला तरी सांगतो आणि तरीही डॅनींचा गब्बर क्षणभरसुद्धा डोळ्यांपुढे आणू शकत नाही.

गंमत म्हणजे आपटे हेही मूळचे भाडेकरूच. ‘हेरा फेरी’ बेतलेला आहे तो १९८९ च्या ‘रामजी राव स्पीकिंग’ या मल्याळम चित्रपटावर. तिथं या भूमिकेचं नाव मन्नार मत्तायी, नट इनोसंट, आणि मत्तायींचा धंदा गॅरेजचा नव्हे, तर नाटक कंपनीचा! डबघाईला आलेल्या नाटक कंपनीचे कर्जबाजारी मालक. हिंदीत येताना नाटक कंपनीचं गॅरेज झालं आणि मालक मराठी झाला. माझं म्हणणं, उलट करायला हवं होतं. मालक आपटे आणि कंपनी नाटकाची, यात बुडीत जायला आणखी कुठलंही कथानक लागलं नसतं.

केरळात मत्तायींचे आणखी दोन भाग आले, १९९५ साली आणि २०१४ साली. इनोसंट तिन्हींत होते. तिथं कुणाला पुलावर लटकत ठेवलं नाही. आणि २०१४ साली एक गोष्ट अशी झाली की कुठल्याही पटकथाकाराला सुचली नसती: इनोसंट केरळातल्या चालकुडीतून डाव्यांच्या पाठिंब्यावर लोकसभेत निवडून गेले आणि परेश रावल भाजपतर्फे अहमदाबाद पूर्वमधून. मत्तायी आणि आपटे एकाच सभागृहात, समोरासमोरच्या बाकांवर. पाच वर्षं. हा तिसरा भाग देशानं चुकवला. इनोसंट २०२३ मध्ये गेले.

परेश रावलांच्या कंटाळ्याबद्दल मात्र मला सहानुभूती आहे. ज्यानं ‘नाम’मधला खलनायक केला, ‘सरदार’मध्ये वल्लभभाई उभे केले, ‘तमन्ना’मधली ती अवघड भूमिका पेलली, त्याला विमानतळावर दर दुसरा माणूस बाबूरावाच्या आवाजात हाक मारतो. ही भूमिका गळ्याचा फास झाली आहे, असं ते मुलाखतीत बोलले होते. लोकांना तोही विनोद वाटला. भाडेकरू स्वखुशीनं जागा सोडतो म्हणतोय आणि घरच त्याला सोडत नाही, असं हे प्रकरण.

तर मे २०२५. अक्षय कुमारच्या कंपनीनं पंचवीस कोटींच्या भरपाईची नोटीस पाठवल्याच्या बातम्या आल्या. पाठोपाठ बातमी आली की परेश रावलांनी घेतलेली अकरा लाखांची सायनिंगची रक्कम पंधरा टक्के व्याजानं परत केली. पहिल्या भागातलं कर्ज, खंडणी आणि पळापळ या कथानकाच्या इतकं जवळ वास्तव क्वचितच जातं. वकील दोन्हीकडून बोलत होते आणि मी मनोमन वाट बघत होतो की आता यातल्या एकाचा फोन मासळीच्या कंपनीत लागणार. जूनमध्ये परेश रावलांनीच सांगून टाकलं की सगळं मिटलंय, आपण चित्रपटात आहोत. दीड महिन्यात रुसवा, नोटीस, व्याज, समेट. तिकीट न काढता इतकं भरगच्च मनोरंजन दुसरं कोण देतं?

हे लिहीपर्यंत चित्रपट आलेला नाही. त्यामुळे अजून सूचना करायला वाव आहे, आणि माझी एकच आहे. पटकथा कुणाचीही घ्या, गाणी किती घालायची ती घाला, राजूला पुलावरून उतरवा नाहीतर तिथंच ठेवा. पण त्या पंधरा टक्क्यांच्या बातमीनंतर एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या भागात हा राजू बाबूरावांच्या घरात राहत होता आणि भाडं थकवत होता. ते त्यानं चुकतं केल्याचं दोन्ही भागांत मला कुठं दिसलं नाही. सायनिंगच्या रकमेवर व्याज लागत असेल तर थकलेल्या भाड्यावरही लागतं. निर्मात्यांनो, वकिलांनो, तिसऱ्या भागात पहिल्या दृश्यात दुसरं काहीही दाखवू नका. आधी आपट्यांचं भाडं द्या, २००० सालापासूनचं, पंधरा टक्क्यांनी.