गणसंख्येअभावी

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात माणसाला एकटं राहायचं म्हटलं तरी कोणी राहू देत नाही. पहाटे हास्य क्लबात हात वर करून हसायचं, दुपारी भिशीचा नंबर काढायचा, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर बसून देशाचं परराष्ट्र धोरण ठरवायचं आणि रात्री सप्ताहाच्या बैठकीला जायचं. लग्नपत्रिकेत नुसतं नाव छापलेला माणूस आमच्याकडे उघडा वाटतो. नावाखाली निदान ‘माजी उपाध्यक्ष’ एवढं तरी पाहिजे. कशाचे, ते महत्त्वाचं नाही.

जिवंत माणसांचं जाऊ द्या, आम्ही मेलेला साहेबही सोडला नाही. कर्नल वॉलेस १८०९ साली शिरूरच्या छावणीत वारला. लोकांनी त्याला सत्पुरुष ठरवलं आणि सुगीचं पहिलं धान्य त्याच्या थडग्यापाशी नैवेद्य म्हणून ठेवू लागले. ना विश्वस्त मंडळ, ना पावतीपुस्तक. आज वारला असता, तर तेराव्याच्या आत त्याच्या नावाचं प्रतिष्ठान निघालं असतं आणि वर्षश्राद्धापर्यंत त्यात दोन गट पडले असते.

मंडळं काढायचा हा नाद आपल्याच मातीतला, असं मात्र कोणी समजू नये. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातली गिरणगावं अशीच मंडळांनी गजबजली होती. मँचेस्टरची साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळी तर त्याही आधीची, १७८१ ची. अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन १८१७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८४४ पर्यंत तिचा अध्यक्ष होता. सत्तावीस वर्षं एकच अध्यक्ष! हे वाचलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. डाल्टन वारला त्याच वर्षी शेजारच्या रॉचडेलमध्ये अठ्ठावीस जणांनी, त्यातले बरेचसे विणकर, पदरचे पैसे घालून दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीप्रमाणे वाटायचा. जगभरच्या सहकाराचं हे मूळ. आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९५० च्या सुमारास प्रवरेला विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी साखर कारखाना उभा केला, आणि यथावकाश न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा असे आमचेही कारखाने झाले. रॉचडेलच्या दुकानात साखर हा एक जिन्नस होता. आम्ही त्यातली साखर तेवढी नेमकी उचलली.

आमच्या पुण्यातल्या जुन्या मंडळींचा एक नियम मात्र मला फार आवडतो. २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचं सभासद व्हायचं तर पन्नास जाणत्या माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे आधी पन्नास घरी जा, त्यांची गाऱ्हाणी ऐका, प्रत्येक घरचा चहा घ्या (चहा तेव्हा इतका बोकाळला नव्हता, गूळपाणी म्हणू), आणि मग सभेत तोंड उघडा. हा नियम आज लावला तर आमच्या दोन्ही तालुक्यांतली निम्मी मंडळं एका रात्रीत बरखास्त होतील. आमच्याकडे आधी अध्यक्ष जन्माला येतो, मग त्याचा फ्लेक्स लागतो आणि सभासद हे फ्लेक्सच्या खालच्या ओळीत फोटोपुरते गोळा केले जातात.

आणि तरीही याच मातीत असा एकोपा झाला आहे की इतिहासाला त्याची नोंद घ्यावी लागली. शिरूर तालुक्यातलं करडे गाव, साल १८७४, महिना डिसेंबर. कापसाचे भाव पडलेले, सरकारी सारा वाढलेला आणि गाव सावकारांच्या वहीत अडकलेलं. त्यातच एका सावकारानं गावच्या देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला काढलं. गावानं ठरवलं: यांच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, यांची जमीन कसायची नाही. न्हाव्यानं वस्तरा मिटला, परटानं कपडे परत पाठवले, चांभारानं वहाणेला टाका घालायचं नाकारलं. दाढी वाढलेला, मळक्या धोतरातला, तुटक्या वहाणेचा सावकार डोळ्यांसमोर आणा. व्याजाचा दर कितीही असो, वस्तरा स्वतःचा स्वतःला चालवता येत नसेल तर माणूस फार दिवस तग धरत नाही. बहिष्काराचं हे लोण गावोगाव गेलं. पुढे १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात त्याचा भडका उडाला आणि कर्जरोख्यांची होळी झाली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, म्हणजे आजच्या दौंडच्याच भाऊबंदकीत. शेवटी १८७९ साली शेतकऱ्याला दिलासा देणारा कायदा सरकारला करावा लागला.

मला कुतूहल आहे ते करडेच्या त्या बैठकीचं. तिथे सूचक कोण होता, अनुमोदक कोण, आभार कोणी मानले? त्यातला एकही जण उठून ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय’ म्हणाला नसणार. अख्खं गाव हजर होतं, एवढं मात्र नक्की. कारण एक न्हावी जरी गैरहजर राहिला असता, तरी ठराव दुसऱ्या दिवशी सकाळीच बारगळला असता.

याच्या शेजारी आजच्या वार्षिक सभेची नोटीस ठेवून बघा. वाचनालय असो, पतसंस्था असो की सोसायटी, तळाशी बारीक टायपात टीप असतेच: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. मराठी गद्यातला हा माझा सर्वांत लाडका मजकूर. दहाच्या सभेला माणसं लागतात, म्हणून ती होत नाही. साडेदहाच्या सभेला माणसं लागत नाहीत, म्हणून ती होते. मधला अर्धा तास अध्यक्ष, चिटणीस आणि शिपाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत चहा पितात आणि माईकवाला ‘हॅलो, हॅलो, चेक’ एवढंच भाषण करतो. मग मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम होतं. मागच्या सभेलाही हेच चौघे असल्यामुळे त्यात कोणाला चूक सापडत नाही. ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ असं लिहून चिटणीस पेनाला टोपण लावतात. ते खोटं लिहीत नाहीत. सगळे चौघे खरोखरच एकमताचे असतात.

सभासद येतात ते साडेअकराला. अहवालात आपलं नाव बरोबर छापलंय का आणि लाभांश किती टक्के, या दोन गोष्टी पाहून ते जेवणाच्या रांगेला लागतात. रांगेत मात्र कारभारावर टीका जोरदार होते. कायद्यानं खरं तर रांगेचंच इतिवृत्त ठेवायला हवं.

गणसंख्येची चिंता नसलेलं मंडळ मला एकच ठाऊक आहे, ते दौंडहून पुण्याला रोज अप-डाऊन करणाऱ्यांचं. त्याला घटना नाही, नोंदणी क्रमांक नाही. दसऱ्याला डब्याची पूजा होते, दाराला झेंडूचं तोरण लागतं, संक्रांतीला बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होतं, आणि उरुळी ते हडपसर एवढ्या वेळात मेथीची जुडी निवडून होते. कोणी दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी ‘बरं आहे ना?’ म्हणून फोन जातो. एवढं परोपकारी काम करणारी नोंदणीकृत संस्था मी तरी पाहिलेली नाही. आणि वक्तशीरपणा म्हणाल, तर गाडी उशिरा येते, सभासद नाही.

सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. तेव्हा यंदा नोटीस आली की ती जेवणाच्या डब्याखाली अंथरू नका. दहाची वेळ दिली असेल तर दहालाच या आणि हिशोबातलं निदान एक पान मोठ्यानं वाचायला लावा. चहाही त्याच वेळेला गरम असतो.